दौंडला उलटी फिरणारी गाडी

नगर स्टेशनात रिझर्वेशनच्या रांगेत एक म्हातारी पुढच्या मुलीकडून फॉर्म भरून घेत होती.

“पोरी, पुन्याची गाडी आता दौंडला जानार न्हाई म्हनं?”

“तसा विचार चाललाय, आजी. दौंडच्या बाहेरूनच वळवणार. इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायला नको, वेळ वाचतो.”

“अगं, आमच्या मालकांना दिसत न्हाई. येताना दौंडला गाडी उलटी चालाय लागली, की त्यांना कळतं, आता नगर येनार. मग काठी घिऊन दाराशी बसत्यात.”

“नव्या डब्यांत स्पीकरवर स्टेशनाचं नाव सांगणार आहेत.”

“आन् ते बंद पडलं मंजी? मागं एकटेच गेल्ते. येताना त्या दिशी गाडी बाहेरूनच आनली. हे आपले बसूनच ऱ्हायले. मनमाडला सापडले.”

“पण आता तुम्ही आहात ना सोबत? जाताना दोघं लिहिलंय.”

“व्हय. पुन्यात माझं हार्टचं आपरेशन हाय.”

“आणि येताना?”

“येताना... त्यांचं एकट्याचंच लिही. आन् बाई, गाडी दौंडला उलटी फिरनारीच बघ.”