मागचा आवाज

सौमित्र : पण ताई, माईक बिघडलाय कुठं? लाल दिवा लागतोय, आवाज येतोय. महिनाही झाला नाही दुकानातून नेऊन.

प्रेरणा : आवाज येतोय म्हणूनच परत आणलाय. सगळाच येतोय. म्हशीचा येतोय, पत्र्यावर उड्या मारणाऱ्या माकडांचा येतोय, सासऱ्यांचा, मामांचा खोकला तर माझ्याआधी येतोय.

रतनबाई : म्हशीचं काय त्यात? म्हस वरडनारच की. तिला काय सांगायचं, आमची सून गातीया, गप ऱ्हा म्हनून?

सौमित्र : मावशी, तुम्ही बसा ना त्या खुर्चीवर. पासलीहून आलात, दोन गाड्या बदलून.

रतनबाई : बसते. आमची माघारीची गाडी चुकवू नगा म्हंजी झालं. तिला एकटीला सोडीत न्हाईत, म्हनून मला यावं लागलं.

प्रेरणा : मी म्हणत नव्हते, आत्या, तुमी या म्हणून.

रतनबाई : इंद्रजित म्हनला ना. नवऱ्याचं ऐकायचं का न्हाई?

सौमित्र : ऐका ताई. ह्या जातीच्या माईकला कंडेन्सर म्हणतात. तो बारीकसारीक सगळं टिपतो. तुम्ही म्हणालात, घरात गायचंय आणि स्वस्तातला हवा, म्हणून दिला. दारंखिडक्या लावून घ्यायच्या आणि...

प्रेरणा : दार लावायचं न्हाई आमच्यात.

सौमित्र : थोडा वेळ. गाणं होईपर्यंत.

प्रेरणा : तुमी आत्यांनाच विचारा.

रतनबाई : दिवसाउजेडी घराचं दार लावलं तर मानसं काय म्हनतील? आमच्या वाडीत दार दोनदाच लागतं बाबा. घरातलं कुनी गेलं तर, न्हाईतर घराला कुलूप घालून समदी गावाला निघाली तर. एकदा हिनं लावलं हुतं. खालच्या अंगाची धोंडाबाई धावत आली, काय झालं, काय झालं करत. मी म्हनलं, काय न्हाई गं बाई, सून मोबाईलशी गातीया. लाज वाटली मला.

प्रेरणा : त्या दिवसापासनं आतल्या खोलीचंबी दार लावायचं न्हाई. म्हणून मी भाताच्या पोत्यांत बसते. ते पोत्यांचं कोठार हाय ना, त्याला दारच न्हाई. तिन्ही अंगांनी पोती, वरनं वाकळ पांघरते, आत घाम निथळतो, कोंडा नाकात जातो. तसंच गाते.

सौमित्र : भाताची पोती आणि वर वाकळ? अहो, आवाजासाठी ही खोली एक नंबर झाली की! स्टुडिओवाले पैसे घालून भिंतींना जे लावतात, तेच काम पोती करतात.

प्रेरणा : तुमाला हसू येतंय. मला आत जीव गुदमरल्यासारखं होतंय.

सौमित्र : नाही हो, हसत नाही. पण एवढा आटापिटा कशासाठी?

प्रेरणा : पुण्यात काही मंडळी हायेत. डोंगरातल्या बायकांची शेतातली गाणी गोळा करत्यात आन बाहेर काढत्यात, बाईचं नाव घालून. आधी त्यांनी पुण्यालाच बोलावलं हुतं. आमचे हे म्हणले, जायचं न्हाई. काय गायचंय ते घरात गा, मी माईक घेऊन देतो. माईक आला तवा मी लई खूश झाले. नंतर कळलं, आता पुण्याचं नावच काढायचं न्हाई. काय बोललं की म्हणत्यात, घेऊन दिलाय ना तुला?

रतनबाई : घेऊन दिला त्ये काय वाईट केलं त्येनं?

प्रेरणा : मी वाईट म्हणले का? दोनदा पाठवलं, दोनदा माघारी आलं. मागं कुणीतरी बोलतंय म्हणत्यात. आता ह्या शनिवारपर्यंत न्हाई पोचलं तर दुसरी बाई घेणार. मी न्हाई गेले तर न्हाई, दादा. माझा आवाज तरी घराबाहेर जाऊ दे.

सौमित्र : बरं, बरं. मोबाईल द्या इकडे. मोठे हेडफोन लावून ऐकतो, मग सांगतो काय घ्यायचं ते.

(तो हेडफोन लावून डोळे मिटून ऐकत राहतो. रतनबाई पिशवीची गाठ सोडते, पुन्हा बांधते.)

सौमित्र : गळा छानच आहे हो तुमचा. पण प्रत्येक ओळीनंतर गप्प का होता? मध्ये रिकामी जागा राहते.

प्रेरणा : ती झिलीची जागा. भात कापताना एकीनं ओळ म्हणायची, मग बाकीच्या बाया मागनं तीच वढून घेत्यात. झील धरत्यात म्हणतो आमी. एकटी गायले तरी तेवढी जागा सोडावीच लागती, न्हाईतर गाणं पळायला लागतं.

सौमित्र : मग झील धरणारी दुसरी कोण आहे यात?

प्रेरणा : दुसरी? कुणी न्हाई. मी एकटीच असते.

सौमित्र : हे घ्या. कानाला लावा. तुमची ओळ संपली की ऐका.

प्रेरणा : ...मला तर... थांबा, परत लावा.

सौमित्र : आला ऐकू?

प्रेरणा : मी मोबाईल बारीक करून कानाला लावून ऐकायची, कुणाला कळू नये म्हणून. मला वाटलं शेजारची पोरं हायेत. त्यांना मी केवढी बोलले! ...आत्या.

रतनबाई : काय?

प्रेरणा : कोठाराच्या कुडाच्या भिंतीपलीकडं चूल हाय. चुलीम्होरं कोण असतं?

रतनबाई : मला काय इचारती? म्हस आसंल.

प्रेरणा : म्हस झील धरती व्हय?

रतनबाई : चल, गाडी जाईल.

प्रेरणा : आत्या, ऐका एकदा. कानाला लावते. असं नका करू, ऐका.

रतनबाई : नगं मला. ...नगं म्हनलं ना. ...आगं बाई. ह्यो आसा झालाय व्हय माजा आवाज? पार म्हातारा झाला की गं.

प्रेरणा : इतकी वर्षं एका घरात ऱ्हातोय. तुमी गाता, हे मला ठावं न्हवतं.

रतनबाई : गात न्हाई म्या. तू जागा सोडतीस आन कुनीच धरत न्हाई, मग तोंडातनं निगतं. भाकरी थापता थापता निगतं, मला कळतबी न्हाई. पासली-केळदाच्या अंगाला म्होरं म्याच म्हनायची पैल्यांदा. आख्खं खाचर माज्या मागनं म्हनायचं. मग एक दिस तुज्या मामानं समद्यांदेखत सांगितलं, आता पुरं, घरच्या बाईचा आवाज रस्त्यापतुर जातोय. झाले गप. लई वाईट वाटलं हुतं. सांगायचं कुनाला?

सौमित्र : मावशी, पाणी देऊ का?

रतनबाई : पानी नगं. तिला दुसरा माईक दे. म्हागाचा नगं, पन तिच्या एकटीचाच आवाज घेनारा दे. माज्यापायी तिचं गानं माघारी येतंय.

सौमित्र : हा आहे. भजनी मंडळं नेतात तसला, हातात धरायचा. आधीच्याच किमतीत बसेल. ह्याला लांबचं ऐकू येत नाही. तोंडापासून चार बोटांवर धरायचा. म्हैस, माकडं, खोकला, सगळं मागं राहील.

प्रेरणा : आन कुडापलीकडची झील?

सौमित्र : तीही नाही येणार. अजिबात.

रतनबाई : तोच दे.

प्रेरणा : थांबा दादा. नका बांधू. दोघींचा घ्यायचा असंल तर?

सौमित्र : मग दोघींनी ह्याच्यासमोर यायला हवं. अगदी गालाला गाल लागेल इतकं जवळ.

प्रेरणा : पोत्यांत दोघींपुरती जागा हाय, आत्या.

रतनबाई : येडी का काय तू? तुजा मामा दिसभर वसरीवर बसलेला असतोय. त्येला माजा आवाज वळखू येत न्हाई व्हय?

प्रेरणा : मग मी जागा मोकळी सोडून पाठवते. शनिवारी पुण्याची माणसं म्हणतील, ही बाई मधी मधी गप का बसती.

रतनबाई : आसं नगं बोलूस.

प्रेरणा : खरं तेच बोलते. मला एकटीनं न्हाई जमत, आत्या. आत बसलं की भ्या वाटतं. वाटतं, मी हितं पोत्यांत गात मरून जाईन आन कुणाला ऐकूबी जायाचं न्हाई.

रतनबाई : मला ऐकू जात हुतं की.

सौमित्र : ताई, गाडीची वेळ होतेय. काय करू? देऊ?

रतनबाई : दे बाबा. नीट बांध. गाडीत लई हादरे बसत्यात. पिशवी माज्याकडं ऱ्हाऊ दे.

प्रेरणा : चला, आत्या. पायरी बघा.

रतनबाई : पेरना.

प्रेरणा : काय?

रतनबाई : उद्या तुजा मामा बाजाराला गेला, की घराचं दार लावून घेशील?