औषधाला उपास कसला?

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय श्रीरामपंत, व्यासपीठावरच्या डॉक्टर सुमेधाताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या विद्युल्लताबाई, आणि दुर्गाघाटापासून मंगला गौरीपर्यंतच्या काशीच्या गल्ल्यांतून गुडघे सांभाळत आलेल्या माझ्या समवयस्क मंडळींनो, सर्वांना या वेणीमाधवाचा सादर नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. दशाश्वमेधावर पन्नास वर्षं यजमानांचे संकल्प सांगितलेल्या माणसाला पाच मिनिटं! तेवढ्यात आमचा देश-काळसुद्धा उच्चारून होत नाही. असो, आवरतं घेतो.

बाई आपल्या मंडळाच्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बावीस वर्षं बसल्या. आवाज करडा, डॉक्टरांचा पर्चा हातात घेतला की कपाळाला आठी. मी तर त्यांना चक्क घाबरायचो, खोटं कशाला बोलू?

गोष्ट २०११ सालची. मला शुगर, आमच्या हिला, म्हणजे कालिंदीला, बीपी. दोघांच्या गोळ्या मीच न्यायचो. एके दिवशी बाईंनी खिडकीतून विचारलं, "गुरुजी, काकूंच्या महिन्याच्या गोळ्या दीड महिना कशा पुरतात?"

मी ऐटीत म्हटलं, "उपासाला घेत नाही ती. एकादशी, चतुर्थी, प्रदोष, सोमवार."

"आणि यात्रेकरूंनी विचारलं, उपासाला औषध चालतं का, तर काय सांगता?"

"चालतं म्हणून सांगतो. औषधाने व्रत मोडत नाही."

"मग घरी का नाही सांगितलंत?"

मागे रांग उभी. तरातरा घरी गेलो आणि हिच्यावर ओरडलो. हिने शांतपणे पदराला हात पुसले. म्हणाली, "अहो, इतकी वर्षं तुमच्या घरात काढली, मला एवढं शास्त्र कळत नाही? तुमच्या गोळ्या महागल्यात. दोघांचं भागत नाही. उपास म्हटलं की तुम्ही पुढे विचारत नाही."

मंडळी, मला रडू कोसळलं. आणि त्याच आठवड्यात ही घाटाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली. बीपी इतकं चढलेलं की सुमेधाताईंचा चेहरा उतरला. थोडक्यात वाचली हो!

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या दारात. त्यांनी सुमेधाताईंशी भांडून पर्च्यावर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून आणलं होतं. औषध तेच, किंमत चौथाई. पण हिचा विश्वास बसेना. "इतकी सस्ती गोळी? नुसता खडू असेल!" मग बाई दोन महिने दर मंगळवारी घरी येऊन बीपी मोजत राहिल्या आणि आकडा हिच्याच हाताने कॅलेंडरवर लिहवून घेत राहिल्या. आकडा उतरत गेला तशी ही निमूटपणे रोज गोळी घेऊ लागली.

बाई तेवढ्यावर थांबतात होय? मंडळाचं डोकं खाऊन त्यांनी सगळ्या म्हाताऱ्यांसाठी तशी औषधं एकगठ्ठा मागवायला लावली. ज्याला तेवढंही झेपत नाही त्याला सवलत. पुडकं मात्र सगळ्यांना एकसारखं, खाकी, तोंड चिकटवलेलं. आत कुणाचं काय, ते बाई जाणोत.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला विचारलंय, "गुरुजी, ही सवलत घेतं तरी कोण?" मी दर वेळी हसून विषय बदलला. मंडळी, त्या यादीत पहिलं नाव माझं आहे. आजही आहे. बाईंनी कधी चकार शब्द काढला नाही. मीच सांगतोय, कारण या सभेत कुणीतरी, अगदी नक्की कुणीतरी, गोळी अर्धी करून खातंय आणि घरात बोलत नाहीये. उद्यापासून खिडकीवर बकुळ बसणार आहे, बाईंच्याच हाताखाली तयार झालेली. तिच्याकडे जा. लाज वाटली तर माझं नाव सांगा.

बाई, आमची ही आज तिसऱ्या रांगेत बसली आहे, ती तुमच्यामुळे. आभार मानायला याहून मोठं वाक्य मला संस्कृतातही सापडलं नाही. सुखाने राहा, आणि आता स्वतःचंही बीपी मोजत जा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. घरातली गोष्ट हिला न विचारता चारचौघांत सांगितली, त्याची माफी मात्र घरी जाऊन मागावी लागेल. मिळेलच असं नाही.