कानातल्या यंत्राला बंदी

सभेच्या दाराशी रांग तुंबली, तसा रांगेतला एक शिंपी पुढचं बोलणं कान टवकारून ऐकू लागला. पोलिसाने एका आजोबांना अडवलं होतं.

“आजोबा, कानातलं यंत्र काढून ठेवा. बॅटरीची वस्तू आत चालत नाही.”

“अरे बाबा, माझी सून आज पहिल्यांदा भाषण करणार आहे. यंत्राशिवाय ऐकू कसं?”

“आत मोठे कर्णे लावलेत.”

“कर्ण्यांनी बहिरेपण जातं होय?”

“मला वरून हुकूम आहे. लोक टाळ्या वाजवतील तेव्हा तुम्हीही वाजवा.”

“आणि कुणीच नाही वाजवल्या तर? तिला घरी जाऊन काय सांगू?”

पोलिसाने इकडेतिकडे पाहून खिशातला रुमाल काढला.

“हा कानावरून बांधा. विचारलं तर कान दुखतोय म्हणा. दुखण्यावर अजून बंदी आलेली नाही.”