हवा गेली की लागणारा ब्रेक

त्या ब्रेकची मंजुरी मी कशी मिळवली, ते विचारू नका. बरं, विचारलंच आहे तर ऐका.

भेस्तानच्या आमच्या कापड कारखान्यात एका रोलवर तो ब्रेक चाचणीसाठी बसवला होता. सगळ्या मशीनना तो लावा म्हणून मी शेठच्या मागे लागलो होतो.

"हवेवरचा ब्रेक? आणि हवाच गेली तर?" शेठ म्हणाले.

मी चालू रोलसमोर उभा राहून भाषण सुरू केलं. "शेठ, हवा ब्रेक लावत नाही, फक्त उघडून धरते. लावायचं काम स्प्रिंगचं. हवा गेली की..."

जोशात मी वाकलो आणि गळ्यातली ओळखपत्राची फीत रोलमध्ये गेली. ओळखपत्र गळ्यातच हवं, हा नियमही माझाच.

"भाऊ!" धुळ्याचा ऑपरेटर संजू ओरडला आणि त्यानं हवेचा पाइप उपटला. रोल जागीच थांबला. माझं नाक कापडाला टेकलं होतं.

"पाइप परत जोडू का, भाऊ?"

"नको रे बाबा! हवा आली की ब्रेक सुटेल!"

"मग रोल हातानं उलटा फिरवतो."

"फिरणार नाही! तेच तर मघापासून सांगतोय!"

शेठ कात्री घेऊन आले आणि वाकून माझ्या तोंडाकडे बघू लागले. "समजी गयो, भाई. सगळ्या मशीनना लाव."

तेवढ्यावर गप्प बसायचं ना? मी म्हणालो, "पण शेठ, तत्त्व अजून अर्धंच सांगितलंय."

शेठनी कात्री मागे घेतली. "मग पूर्ण कर. नंतर कापतो."