घर नंबर दोनशे सतरा

जबाब, ता. १६ नोव्हेंबर १९३१, सोमवार, सकाळी दहा वाजता, पोलीस ठाणे, सोलापूर.

नाव मायाक्का कोम बिरदेव हाके, वय अंदाजे पंचेचाळीस, जात धनगर, धंदा सूतगिरणीच्या रिळींग (सुताच्या लडी करण्याच्या) खात्यात मजुरी, मूळ गाव मंगळवेढ्याकडचे, हल्ली राहणार गिरणीमागचा माळ, घर नंबर दोनशे सतरा, सोलापूर.

मी जातीने ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरचा पत्ता मी सांगितला तसाच ठेवावा. जमादारसाहेबांनी आधी 'राहण्याचे ठिकाण नाही' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. कारण पुढे येईल.

जागा कमिटीच्या कारकुनांनी फिर्याद दिली आहे की मी काल त्यांच्या अंगावर पाणी फेकून कामात अडथळा केला. त्याबद्दल माझे सांगणे असे.

माळावर आमची बारा घरे आहेत. मी तिथे नऊ वर्षे राहते. नवरा तिथेच वारला, मुलाचे लग्न तिथेच झाले. यंदा आमच्या पेठेच्या जागा कमिटीने ठरवले की माळ मोकळा करायचा आणि उठवलेल्या लोकांना नव्या चाळीत एकेक खोली द्यायची. चाळ बांधून तयार आहे, आम्ही कामावर जाता-येता बघतो. अट अशी की ज्या घरावर खानेसुमारीचा म्हणजे शिरगणतीचा नंबर, त्यालाच खोली. नंबर नसेल तर ते घर नव्हे, गोठा. तो पाडायचा, आणि आतल्या माणसांनी आपली वाट धरायची.

खोलीसाठी मी श्रावणात कमिटीच्या कचेरीत तीनदा गेले. दरवेळी अर्धा दिवस बुडाला. पहिल्यांदा सांगितले, अर्ज आणा. दुसऱ्यांदा, अर्ज पोचला, साहेब फिरतीवर आहेत. तिसऱ्यांदा, पाहणी होईल तेव्हा बघू. मी विचारले, "पाहणी कवा हाय?" तर म्हणाले, "बाई, कळेल." ते काल कळले.

काल रविवार, गिरणीला सुट्टी. सकाळी आठच्या सुमाराला कारकून चार मजूर आणि पहारी घेऊन आले. बंदोबस्ताला हवालदार सिद्धाप्पा होते. रविवारी एवढी निकड कशाची होती ते मला माहीत नाही. कारकून छत्री टेकत बाराही घरांपुढून गेले, वहीत काहीतरी लिहिले आणि म्हणाले, "एकावरही नंबर नाही. बाराही गोठे. इथून सुरुवात करा." इथून म्हणजे माझ्यापासून.

माझ्या घरात सून केराबाई बाळंतीण आहे, काल आठवा दिवस होता. मी दारात आडवी उभी राहिले. मी म्हणाले, "आत वल्ली बाळंतीण हाय. गोठ्यात बाळंतीण बाजंवर निजती व्हय?" कारकून म्हणाले, "नंबर दाखव, मग बोल." आमची गडीमाणसे तिथेच होती. ती हात बांधून उभी होती, हेही लिहावे.

नंबर कुठे गेला त्याची हकीकत अशी. गेल्या साली दिवाळी झाल्यावर शाळेचे एक मास्तर डांबराचा डबा आणि कुंचला घेऊन आले आणि प्रत्येक दाराच्या उजव्या अंगाला आकडा काढून गेले. सरकारी आहे, पुसू नका, म्हणाले. आम्ही पुसला नाही. पण पुढे पाडवा आला, नागपंचमी आली, दसरा आला, आता दिवाळी झाली. ज्या घरात घट बसायचा त्याच्या दाराशी काळा डाग कोण ठेवील? दर सणाला शेणमातीचा हात फिरत गेला. मास्तर पुसू नका म्हणाले होते, सारवू नका म्हणाले नव्हते. चूक आमची आहे, कबूल करते. पण गोठ्याला दर सणाला कोण सारवतो, ते कमिटीने सांगावे.

खरे सांगायचे तर तो आकडा म्हणजेच हा नंबर, हे मीही विसरले होते. मजुराने भिंतीला पहार लावली तेव्हा सारवणाचा पापुद्रा निघाला आणि खाली काळे दिसले, तिळाएवढे. बाळंतिणीच्या न्हाण्यासाठी चुलीवर नुकतेच चढवलेले पाणी होते, कोमट. ती घागर मी उचलली आणि भिंतीवर ओतली. कारकून भिंतीला खेटून उभे होते. पाणी भिंतीसाठी होते. त्यांच्या धोतरावर शेणकाला उडाला तो मुद्दाम उडवलेला नाही. वाईट मात्र वाटले नाही.

काथ्याने दोनदा घासले तशी माती ओघळली आणि आकडे वर आले. मला अक्षर येत नाही. मी कारकुनांनाच म्हणाले, "वाचा की." ते धोतर झटकत राहिले. मग हवालदार सिद्धाप्पा पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "दोनशे सतरा." आतून केराबाई ओरडली, "आत्याबाई, कितीचा म्हन्ला?" मी तिला सांगितले. मला फार आनंद झाला.

मग कोणाला सांगावे लागले नाही. बाया घागरी, तांबे, जे हाती लागले ते घेऊन धावल्या. शेजारच्या तानाबाईने चहाचे आधण ओतले. हवालदार एकेका दारापुढे जाऊन आकडा वाचत होते आणि पोरे मागून ओरडत होती. दोन दिवसांचे भरलेले पाणी तेवढ्यात संपले.

एकीचा नंबर निघेना. नागव्वा अक्कलकोटकडची, एकटी बाई. तिची भिंत पावसात पडून नवी घातलेली आहे. ती घासघासून खाली बसली आणि रडायला लागली. कारकुनांना धीर आला. म्हणाले, "हा तरी गोठाच." मी हवालदारांना विचारले, "हिच्या अलीकडं कितीचा हाय?" म्हणाले, "दोनशे एकवीस." "आन् पलीकडं?" "दोनशे तेवीस." मी म्हणाले, "मग मधला मास्तरांनी खाल्ला व्हय?" माळभर हशा झाला. मजुरांनी पहारी खाली ठेवल्या, तेही हसले. नागव्वाला कोणीतरी कानडीत समजावले तेव्हा तीही डोळे पुसत हसली.

त्यावर कारकुनांनी बाराही नंबर स्वतःच्या हाताने वहीत लिहिले, पुढे बारा खोल्या असे लिहिले आणि सही केली. साक्षीला हवालदारांची सही घेतली. खोल्या ताब्यात मिळेपर्यंत भिंतीला पहार लावणार नाही, हेही मी त्यात लिहायला लावले. मग ते ओल्या धोतराने गेले.

जमादारसाहेब म्हणतात, घागर पुराव्याला जमा करावी लागेल. करावी. केराबाईला आज तानाबाईच्या घागरीने न्हाऊ घालू. पण घागरीची पावती द्यावी आणि पावतीवर माझे नाव आणि पत्ता घालावा.

एवढा माझा जबाब. तो मला वाचून दाखवला. पत्ता मी दोनदा वाचायला लावला, दोन्ही वेळा बरोबर निघाला. म्हणून खाली डाव्या हाताचा अंगठा उमटवला आहे.