आठ्या म्हणालो होतो, आत्या नाही

आईशप्पथ सांगतो, शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे... मुंगीचा भाग सोडून. 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' असं क्लिनिकवाली म्हणाली, ते मी अंगावर घेणार नाही.

तर आमचे भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर, वीजबिलाच्या तक्रार खिडकीत बसतात. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन कपाळ असं झालंय की परवा एकजण म्हणाला, "आजोबा, साहेब कुठायत?" साहेब हेच. वय त्रेचाळीस. लागलं ना हो मनाला. मग काय, कुणाला कळू नये म्हणून टेबलाच्या खणात तोंड घालून त्या आठ्या घालवायच्या बोटॉक्सवाल्या क्लिनिकला फोन, आणि कुजबुजत सांगतात, "आठ्या... कपाळावरच्या..." ती म्हणते, "आत्या? बरं, नंबर द्या." यांनी सवयीने दिला ताईचा, कारण गॅसपासून सगळं ताईच्या नंबरवर. झालं, तिथून ताईला फोन, "उद्या आत्यांना मेकअप न करता पाठवा."

दुसऱ्या दिवशी भावजी तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, नाकापर्यंत मासिक धरून क्लिनिकात बसलेत, तर शेजारून आवाज, "मास्क काढ रे, गुदमरशील." भावजींची सख्खी आत्या, ताईने पाठवलेली. डोळ्यांत पाणी. "एवढे भाचे मला, पण माझ्या सुरकुत्या दिसल्या त्या तुलाच."

भावजींनी मास्क खाली ओढला. तेवढ्यात ती म्हणते, "मला सुयांची भीती वाटते बाबा. आधी तू टोचून घे, बघू दुखतं का." तुम्हाला सांगतो, असा आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता. "तुझ्यासाठी काहीही, आत्या," म्हणत धावतच आत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कपाळ सैल सोडा." आणि भुवयांच्या मधोमध पहिली सुई... मुंगी म्हणे. कसली मुंगी हो? कवटीत कुरकुर आवाज येतो, डोळ्यांतून आपोआप धारा, आणि बाई थंडपणे, "अजून सुरुवातच आहे." मुंगी म्हणे. तिसऱ्या सुईला भावजी असे ओरडले की बाहेरचे दोघं बिल न भरता पळाले आणि आत्या दार ढकलून आत. तिला बघून यांच्या तोंडून सगळं बाहेर, "आत्या, मी माझ्यासाठीच आलो होतो गं, आठ्या म्हणालो होतो, आठ्या..."

आत्या हळूच म्हणाली, "म्हणजे तुला माझ्या दिसल्याच नव्हत्या?"

भावजी म्हणतात, ती सुई सगळ्यात खोल गेली. मुंगी म्हणे.

मग आत्याने पर्स ठेवली, यांना खुर्चीतून उठवलं, स्वतः आडवी झाली. "आता दिसल्यात ना? बाई, बिल याच्या नावावर करा." आणि टोचताना हूं नाही की चूं नाही.

आता ऐका. पुढच्या आठवड्यात आत्या घरी हजर, तिला डोळ्यांच्या कडांचंही करायचंय. भावजींनी जीव एकवटून कपाळाला आठ्या घालायला घेतल्या... सुयांनी कपाळ ढिम्म. ताटासारखं गुळगुळीत. आत्या ताईला म्हणते, "बघ, एक आठी पडली नाही. किती मनापासून देतोय पोरगा."

तेव्हा मंडळी, उठायच्या आधी खिशात हात घाला, भावजींच्या त्या बिलासाठी वर्गणी काढतोय. आणि देताना आठ्या घालू नका, घालवायला फार खर्च येतो.