सगुणाचे दिवस लांबले

माझं माहेर परंड्याच्या अंगाला, गावापासून बाजूला आमची धनगरांची चार घरं हायत तिथं, पण घर म्हणायला नुसतं, पाऊसकाळ सोडला तर बा मेंढरं घेऊन मुलूख हिंडायचा आणि त्याच्यामागं आमी सगळी, म्हणून शाळा काय असती ते मला ठावं न्हाय, अक्षराची आणि माझी गाठ पडलीच न्हाय. पण गोष्टी लई ऐकल्या बघा. दिवस मावळला की कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, भाकरी खायची आणि बा गोष्ट काढायचा. त्याचा एक नियम होता, ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. हूं थांबलं की बा थांबायचा, म्हणायचा, तुमी झोपला तर म्या काय मेंढरांना सांगू व्हय. आणि आईचा दुसरा नियम, गोष्ट सुरू व्हायच्या आधी मुठीत ज्वारीचे दाणे घ्यायचे आणि गोष्ट संपली की देवापुढं टाकायचे, मधी मूठ सोडायची न्हाय आणि गोष्ट अर्धी टाकायची न्हाय. अर्धी टाकलेली गोष्ट घरात बसून राहती म्हणायची. कहाणी असो, पोथी असो, नुसती राजाराणीची असो, तिला सगळं सारखंच.

मग लगीन होऊन इकडं कळंबकडं आले. मालकांनी मेंढरं मोडली, आता चार शेळ्या हायत आणि थोडं रान हाय. एकच लेक, अश्विनी, आमी आशी म्हणतो. ती शिकली, लातूरला दिली, जावई नोकरीला हायत, माणूस चांगला हाय, कमी बोलतो एवढंच. आता आशी पहिल्या बाळंतपणाला आलीया, ती बघा आत निजलीया, पाय वर करून निज म्हणलंय डॉक्टरनं. म्हणून मी जरा हळू बोलते, तुमी पण ताई, लिहून घेताना हळूच विचारा.

तर ती आली आणि तिचा जुना मोबाईल मला दिला. म्हणाली, आई, तू शेळ्यांमागं एकटी असतीस, यात पुस्तकं हायत, वाचावं लागत न्हाय, आपोआप बोलत्यात. म्या म्हणलं, पुस्तक बोलतंय म्हणजे रेडिवच की. म्हणाली, ऐकून तर बघ. कानात हेडफोन घातला, एकाच कानात, दुसरा शेळ्यांसाठी मोकळा ठेवला, आणि एक बाई घाईघाईनं काहीतरी बोलायला लागली, तिला दम घ्यायला फुरसत न्हाय. मला वाटलं पुण्याकडची माणसं अशीच बोलत असतील, गाडी चुकायची भीती असलेली. आठवडाभर तशीच ऐकली, ऐकून मलाच धाप लागायची. मग आशीनं बघितलं, हसली आणि म्हणाली, आई, माझ्याकडून वेग वाढवलेला राहिलाय. तो कमी केला तर बाई चांगली शहाण्यासारखी बोलायला लागली.

काय सांगू तुम्हाला, ती आल्यापासनं दोन महिन्यांत म्या लई पुस्तकं ऐकली. एक राजाचं होतं, लढाईचं, त्यात वाचणारा बुवा असा ओरडायचा आणि मधीच तलवारी वाजायच्या, घोडे खिंकाळायचे, मला ते आवडलं न्हाय, गोष्ट सांगायला घोडा कशाला पाहिजे, माझा बा घोडा म्हणला की आमाला घोडा दिसायचा. एक खुनाचं होतं. त्यात खून कुणी केला ते शेवटी सांगणार होते पण मला आधीच कळलं, कारण वाचणारा सगळ्यांचे आवाज साधे काढायचा आणि त्या एकाचाच लई गोड काढायचा. मग बाकीचं कशाला ऐकायचं, पण अर्धं टाकायचं न्हाय म्हणून ऐकलं. एक होतं माणसानं मोठं कसं व्हावं त्याचं. तो सांगतो, पहाटे उठा, उघड्यावर चाला, मोठा श्वास घ्या. म्या म्हणलं, बाबा, हे तर मी जन्मभर करते, मोठी कवा होणार ते सांग. आणि एक नवरा-बायकोचं होतं, शहरातलं, दोघं नुसती बोलतात, तू उदास का, मी उदास का, आणि कुणी कुणाला धड उत्तर देत न्हाय. ते ऐकून म्या आशीला म्हणलं, ह्यांच्या घरी धारा काढायच्या नसतात वाटतं. लई हसलो आमी. आता तसं हसू येत न्हाय, ते पुढं सांगते.

मोबाईलच्या गोष्टीत एक वाईट हाय. तिला हूं लागत न्हाय. मी सवयीनं हूं म्हणायचे, रानात एकटीच हूं हूं करत चाललेली बघून शेजारच्या वावरातली बाई म्हणायची, मथुराबाई, दात दुखतोय का. पण हूं म्हणा न्हाय तर नका म्हणू, मोबाईल आपला बोलत सुटतो. शेळी पिकात शिरली, मी पळाले, येईपर्यंत गोष्टीतला म्हातारा मरून गेलेला, मला पत्ता न्हाय. बानं असं कधी केलं नसतं.

मग हे सगुणाचं पुस्तक लागलं. लांबलचक हाय. नदीकाठचं गाव, सगुणा तिथली सून, नवरा परमुलखात कामाला, सासू खाष्ट पण आतून बरी. वाचणारी बाई अशी की ती वाचतीया असं वाटतच न्हाय, चुलीपाशी बसून सांगतीया असं वाटतं. सगळ्या पुस्तकांत मला ते आवडलं. सगुणाला दिवस गेलेले, आणि आशी पण तशीच, म्हणून मला वाटलं ही गोष्ट आपल्या घरासाठीच आलीया. म्या काय केलं, देवापुढं दिवा लावला, ज्वारीचे दाणे घेतले आणि आईसारखा नेम धरला की ही गोष्ट आशीसाठी ऐकायची, सुखरूप सुटका व्हावी म्हणून. मुठीत धरून शेळ्या वळता येत न्हाईत, म्हणून दाणे पदराला गाठ मारून बांधले. ही बघा गाठ. दिवसा मी ऐकायची आणि संध्याकाळी दाणे मुठीत घेऊन आशीला सांगायची, ती आडवी पडून हूं म्हणायची. नेम धरायच्या आधी पुढं काय हाय ते विचारायला पाहिजे होतं, पण कहाणीचा शेवट कुणी आधी विचारतं का, ती गोडच होणार असा आपला भरोसा.

मग आशीला कळंबला तपासायला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीपी वाढलंय, पायाला सूज हाय, मीठ कमी करा, लक्ष ठेवा, डोकं दुखलं, डोळ्यापुढं अंधारलं तर लगेच घेऊन या, आणि हिला फिकीर वाटंल असं काय घरात बोलू नका. येताना एसटीत आशी खिडकीतून बघत होती आणि मी तिच्या पायांकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी रानात गेले, हेडफोन घातला, तर सगुणाला कळा लागलेल्या, अवेळी, नदीला पूर आलेला, सुईण पल्याड आणि नाव बंद. आणि ताई, त्या वाचणाऱ्या बाईचा आवाज. तो खाली गेलेला. वाचताना तिला पुढचं ठावं असतं ना, आवाज लपवता येत न्हाय. म्या कानातलं ओढून काढलं.

आमची थोरली बहीण, शांता, पहिल्या खेपेलाच गेली. तवा आमच्या आईनं पोथी लावली होती, गावचे एक म्हातारे रोज येऊन वाचायचे, ते तापानं पडले आणि पोथी मधीच राहिली, दुसरं वाचणारं कुणी मिळालं न्हाय. मग शांता गेली, पोर पण गेलं. पोथी राहिली म्हणून गेली असं मी म्हणत न्हाय. तिच्या अंगात रक्त नव्हतं, दवाखाना लांब होता, मला सगळं कळतं. आईला मात्र ते मरेपर्यंत कळलं न्हाय. आणि खरं सांगू का, दिवसा मला कळतं, पण आशीचं डोकं जरा दुखलं की मी पण आईच होते.

आता करायचं काय. पुढं ऐकावं तर सगुणाचं बरंवाईट कानावर यायचं, आणि न ऐकावं तर गोष्ट अर्धी. मालकांना म्हणलं, तुमी ऐका की शेवट, चांगला असला तर मला सांगा, वाईट असला तर सांगू नका. ते म्हणले, म्हणजे मी गप राहिलो की तुला कळणारच की. आणि म्हणले, गोष्टीला काय भ्यायचं, येडी हायस का तू. पण ताई, हेच मालक आता लांबच्या रानात जात न्हाईत, घराच्या आसपासच काहीतरी खुरपत असतात, आणि शेजारच्या जीपवाल्याला रोज विचारतात, गाडी हाय ना रं घरी.

संध्याकाळ झाली, आशी म्हणाली, आई, सगुणाचं काय झालं. मी म्हणाले, चार्जिंग संपलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, रेंज नव्हती. तिसऱ्या दिवशी काय सांगणार, मूठ झाकली, दाणे धरले आणि तोंडाला येईल ते सांगायला लागले. म्हणाले, सगुणाला कळा आल्या खऱ्या पण त्या खोट्या निघाल्या, पूर ओसरला, सासूनं तिला मावशीकडं पाठवलं. आशी हूं म्हणाली. मग काय, मी दिवसभर शेळ्यांमागं बसून संध्याकाळचं जुळवायला लागले. सगुणाला बाजारात नेलं, तिची नणंद रुसवली, मग तिची समजूत घातली, नवऱ्याला परमुलखातून बोलावून घेतलं, त्याला वाटेत ताप आणला आणि बरा पण केला. गोष्ट करणं सोपं न्हाय बघा. त्या शहरातल्या नवरा-बायकोला मी हसले होते, आता वाटतं, त्या लिहिणाऱ्याला पण कायतरी सांगायचं भ्या वाटत असंल, म्हणून तो दोघांना नुसतं बोलत बसवत असंल. माझी सगुणा पण नुसती हिंडतीया. सगळं होतं तिचं, फक्त बाळंत होत न्हाय. ती मला करायची न्हाय. आधी आशी, मग ती.

परवा आशी म्हणाली, आई, सगुणाचे दिवस लई लांबले गं, कितवा महिना लागला तिला. मी म्हणाले, चुकला असंल हिशोब तिच्या सासूचा. तर पोरगी उशीत तोंड घालून हसली. मग म्हणाली, आई, ते पुस्तक म्या लातूरला असतानाच ऐकलंय, पुरं. म्हणजे इतके दिवस ती माझं खोटं ऐकत हूं म्हणत होती. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले, सगुणाचं काय झालं ते तिथं दिसतंय का म्हणून, काय दिसलं न्हाय. म्या विचारलं न्हाय. तिनं पण सांगितलं न्हाय. नुसतं म्हणाली, तुझीच सांग, ती मावशीच्या गावाहून निघाली होती ना. मग म्या सांगितलं, ती बैलगाडीत बसली, आणि आशी हूं म्हणाली.

आता डॉक्टरनं दिलेली तारीख जवळ आलीया. पिशवी भरून दाराशी ठेवलीया, जुनी लुगडी धुऊन ठेवलीत, जावई उद्या येतो म्हणलेत. काल सांगता सांगता आशीचं हूं आलंच न्हाय. हात लावून बघितलं तर झोप लागली होती पोरीला, श्वास चालू होता. मी मूठ तशीच धरून बसले, बा म्हणायचा तसं ऐकणारा झोपला की थांबायचं, म्हणून थांबले. सगुणा वाटंवर हाय, गाडीत.

आशीची सुटका झाली की दवाखान्यातनं येऊन हे दाणे देवापुढं टाकीन, मग मोबाईलमधलं राहिलेलं पण ऐकीन, तिचं काय व्हायचं ते व्हऊ दे, तवा मला ऐकवंल. तोवर न्हाय. तुमी लिहून घेतलंय ना सगळं, मग एक करा. तुमी पण शहरातल्या, पुस्तकं वाचणाऱ्या, तुम्हाला ते पुस्तक ठावं असंल, तुमच्या तोंडावरनं मला तसं वाटायला लागलंय. काय बोलू नका. चहा घ्या, देव तुमचं भलं करो, आणि जाताना आशीच्या उशाशी जरा बसा. मी थोडी गोष्ट सांगते, तुमी फक्त हूं म्हणा.